खरूज आणि घरचा संशय

एका वाचक भगिनीनें पत्रानें विचारलें आहे कीं, घरांतील मुलांच्या अंगावर मुरुमांसारख्या खाजऱ्या पुटकुळ्या उठतात, त्या बसल्या तरी काळे डाग मागें राहतात. तरी डागांवर कोणता लेप लावावा? प्रश्न डागांचा असला तरी उत्तरास आरंभ पुटकुळ्यांपासूनच केला पाहिजे. शिवाय ह्या विषयाचा माझा अभ्यास ग्रंथांपेक्षां स्वतःच्या अंगावरच अधिक झालेला असल्यामुळें थोडें घरचें सांगावें लागेल; वाचकांनीं क्षमा करावी.

खाजणारी प्रत्येक पुटकुळी म्हणजे खरूज नव्हे. घामोळें असतें, ढेकणांचा दंश असतो. परंतु अंथरुणांत शिरतांच खाज वाढत असेल, पुटकुळ्या बोटांच्या बेचक्यांत, मनगटाच्या आंतल्या बाजूस, काखेंत, कमरेभोंवतीं असतील आणि घरांतील दुसरेंही कोणी खाजवीत असेल, तर खरजेचा संशय अवश्य धरावा.

गतवर्षीं दिवाळीच्या सुटींत धाकटा नातू वसतिगृहांतून आला तो मनगटें खाजवीतच. आम्हीं घामोळें समजून चंदन उगाळून लावलें. मार्गशीर्षांत घरांतील सहा माणसें रात्रीं उठून बसूं लागलीं. तेव्हां हा प्रसाद भांडीं घासणाऱ्या बाईकडूनच आला, असा निकाल माजघरांत झाला, आणि मीं ओसरीवरून त्यास संमति दिली. निरोप सांगावयासही मीच गेलों. बाईनें दोन्ही हात पुढें केले. "गुरुजी, बघा की, काय हाय का हाताला? आमच्या पोरांना झालती तवा डाक्टरनं सगळ्यांना एकाच रातीला मलम लावाया सांगितलं. तुमीबी तसंच करा." मीं तिचा पगार तिच्या हातावर ठेवला आणि दार लावून घेतलें.

जन्मभर संस्कृत शिकविलेल्या माणसास हें शोभलें नाहीं. ज्यास वैद्यकांत पामा म्हणतात तो विकार बहुधा हाच, आणि तो कुष्ठवर्गांत मोडतो. कुष्ठादि रोग एकत्र शयनानें, अंगस्पर्शानें, एकमेकांचीं वस्त्रें व माळा वापरल्यानें संक्रमण पावतात, हें सुश्रुतानें स्पष्ट सांगितलें आहे. आतां आमच्या अंथरुणावर बाई निजत नव्हती. पांघरुणें आम्हीच एकमेकांचीं ओढीत होतों.

ह्या रोगाचें कारण एक सूक्ष्म कीड. तिची मादी सुमारें ०.४ मिलिमीटर लांबीची असून ती त्वचेच्या वरच्या थरांत बीळ कोरून रोज दोन-तीन अंडीं घालते. इ. स. १६८७ मध्यें बोनोमो नामक इटालियन वैद्यानें हिचें वर्णन प्रसिद्ध केलें. गरीब बायका मुलांच्या त्वचेंतून टांचणीनें कांहींतरी काढतात, तें पाहावें असें त्यास वाटलें होतें. विद्वानांनीं तिकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. पुढें १८३४ मध्यें पॅरिस येथें रेनुच्ची नांवाच्या विद्यार्थ्यानें कॉर्सिकांतील बायका काढीत तशी ती कीड सुईनें काढून दाखविली, तेव्हां वाद मिटला.

पहिल्यानें लागण झालेल्या माणसास चार ते सहा आठवडे खाज सुटतच नाहीं, पण त्या अवधींत तो ती दुसऱ्यास देऊं शकतो. हें मला ठाऊक नव्हतें. मधल्या चिरंजीवांनीं दुकानांतून एक मलम आणलें. दोन दिवस सर्वांस स्वर्ग वाटला, मग पुटकुळ्या पोटावर पसरल्या. त्यांत स्टेरॉइड होतें, त्यानें खाज दबते, कीड मरत नाहीं. शेवटीं डॉक्टरांनीं पर्मेथ्रिनचें पांच टक्क्यांचें मलम दिलें व सर्वांनीं लावावें म्हणून बजावलें. सर्वांनीं लावलें, मीं लावलें नाहीं. "चाळीस वर्षें पोरांत काढलीं, मला कधीं कांहीं झालें नाहीं," असें म्हणून नळी परत केली. तीन आठवड्यांनीं मी खाजवूं लागलों आणि माझ्या कुशींत निजणारी नातही. सर्व घरास पुन्हां आरंभापासून उपचार करावा लागला. थोरल्या सूनबाई एक शब्द बोलल्या नाहींत, तेंच फार लागलें.

तरी रीत नीट ऐका. ज्यास खाज नाहीं त्यानेंही त्याच रात्रीं मानेपासून तळपायापर्यंत मलम लावावें. नखांखालीं, बेंबींत, बेचक्यांत विसरूं नये. हात धुतले तर पुन्हां लावावें. आठ ते चौदा तासांनीं स्नान करावें व सात दिवसांनीं पुन्हां लावावें. तान्हीं मुलें, गर्भवती व आमच्यासारखे वृद्ध ह्यांविषयीं आधीं डॉक्टरांस विचारावें, कारण तान्ह्यांस व वृद्धांस डोक्यावरही लावावें लागतें. गेल्या तीन दिवसांतले कपडे व पांघरुणें कढत पाण्यांत धुवावींत. धुतां येत नाहीं तें पिशवींत घट्ट बांधून आठवडाभर ठेवावें, कारण माणसाचें अंग सुटलें कीं कीड दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाहीं. कीड मेल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहते. त्यास भिऊन रोज मलम चोपडूं नये. पुटकुळींत पू झाला तर मात्र घरीं बसूं नये. त्यांतील जंतूंमुळें मुलांच्या मूत्रपिंडास सूज येऊं शकते. तोंड सुजलें किंवा लघवी लालसर झाली तर त्याच दिवशीं दाखवावें.

आतां डाग. दाह झालेल्या जागीं त्वचेचा रंग अधिक साचतो, त्याचे ते डाग. ते महिनोन् महिने राहून आपोआप फिकट होतात. नखें कापावीं, डागांवर ऊन लागूं देऊं नये, साधें खोबरेल पुरे. लिंबू चोळल्यानें कातडें मात्र जळतें. गोरेपणाचीं मलमें दूर ठेवावीं. त्यांतही पुष्कळदां स्टेरॉइड असतें. नखानें ओरबाडून खड्डा पडला तर तो राहतो; माझ्या डाव्या मनगटावर तसे दोन आहेत.

तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतो, तेवढें निमित्त धरून मी बाईच्या घरीं गेलों व चूक माझी झाली म्हणून सांगितलें. तिनें दुसरें घर धरलें होतें. तिळगूळ घेतांना तिनें माझीं बोटें उलगडून बेचके पाहिले आणि विचारलें, "समद्यांनी एकाच रातीला लावलं न्हवं, गुरुजी?"