कांद्याच्या निमित्ताने इजिप्त

२०१९ च्या नोव्हेंबरमध्ये कांद्याचे भाव कडाडले, तेव्हा केंद्र सरकारच्या एमएमटीसी या व्यापारी संस्थेने इजिप्तकडून ६,०९० टन कांद्याचा सौदा केला. बागलाणच्या कांदा व्यापाऱ्याला हा दूरचा देश त्या दिवसांत एकाएकी जवळचा झाला. तो कांदा आकाराने मोठा, पण तिखटपणात उणा. ग्राहकांना तो फारसा रुचला नाही. पुढे देशातील लाल कांद्याची आवक वाढली, भाव उतरले आणि आयात केलेला बराच माल बंदरातच पडून राहिला.

नामपूर परिसरातील अनेक जैन घरांत कांदा शिजत नाही. पण गावातील कापड, किराणा आणि सराफी या साऱ्या व्यवसायांची उलाढाल त्याच्या भावावर अवलंबून असते. म्हणून या पिकातील आपला प्रतिस्पर्धी देश कसा आहे, हे जाणून घेणे उपयोगाचे ठरेल.

इजिप्त, अरबी भाषेत मिस्र, हा आफ्रिका खंडाच्या ईशान्य कोपऱ्यातील देश. उत्तरेस भूमध्य समुद्र, पूर्वेस तांबडा समुद्र, पश्चिमेस लिबियाचे वाळवंट आणि दक्षिणेस सुदान. क्षेत्रफळ सुमारे दहा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तिपटीहून अधिक. लोकसंख्या दहा कोटींच्या वर. परंतु यांपैकी सुमारे ९५ टक्के लोक नाईल नदीच्या काठच्या चिंचोळ्या पट्ट्यात आणि तिच्या त्रिभुज प्रदेशात राहतात. उरलेला देश वाळवंट आहे. राजधानी कैरो येथे वर्षाकाठी जेमतेम इंचभर पाऊस पडतो.

मग शेती कशी होते? सह्याद्रीवर पाऊस कोसळून मोसम नदी दुथडी भरते, त्याच महिन्यांत इथिओपियाच्या डोंगरांवर पाऊस पडतो आणि नाईलला पूर येतो. प्राचीन काळी बांध घालून हे पुराचे पाणी शेतांत कोंडले जाई. पाणी ओसरल्यावर मागे राहिलेल्या गाळात गहू, बार्ली, जवस ही पिके घेतली जात. मोसम आणि आरम नद्यांच्या काठी बंधारा, पाट आणि पाटकरी यांच्या आधारे फड पद्धती उभी राहिली, तिच्यामागेही हीच शिस्त होती: पाणी एकट्याचे नसते, ते वाटून घ्यावे लागते. १९७० मध्ये आस्वानचे मोठे धरण पूर्ण झाले आणि नाईलचा वार्षिक पूर थांबला. वीज मिळाली, वर्षभर सिंचन शक्य झाले. मात्र सुपीक गाळ धरणातच अडकला आणि शेतकऱ्याला रासायनिक खतांवर विसंबावे लागले.

या देशाचा लिखित इतिहास पाच हजार वर्षांचा आहे. इसवी सनापूर्वी सुमारे २५६० च्या सुमारास राजा खुफूचा पिरॅमिड उभा राहिला; त्याची मूळ उंची सुमारे १४६ मीटर होती. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने लिहून ठेवले आहे की, मजुरांच्या मुळा, कांदा आणि लसणावर किती चांदी खर्च झाली, याचा लेख त्या वास्तूवर कोरलेला होता. राजा चौथा रामसेस याच्या ममीच्या डोळ्यांच्या खोबणींत तर कांदेच बसविलेले आढळले. पुढे ग्रीक, रोमन, अरब आणि ऑटोमन तुर्क अशा सत्ता आल्या. ९६९ मध्ये कैरो शहराची स्थापना झाली आणि अल्-अझहर हे विद्यापीठ तेथे नावारूपास आले.

व्यापारी वाचकाने विशेष लक्षपूर्वक वाचावा तो एकोणिसावे शतक हा कालखंड. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबई व इजिप्त या दोन्ही ठिकाणच्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत या तेजीच्या जोरावर बँका आणि भूभरणी कंपन्यांचे पेव फुटले. या घडामोडींच्या केंद्रस्थानी सुरतचे जैन व्यापारी प्रेमचंद रायचंद होते. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि समभागांचा फुगा फुटला. प्रेमचंदांची प्रचंड संपत्ती गेली. मात्र ऐन तेजीत त्यांनी मुंबई विद्यापीठाला दान दिले होते. त्यातून ग्रंथालय आणि त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. तेजीत जे दिले ते टिकले. तेजीच्या भरवशावर जे उचलले ते बुडाले.

इजिप्तमध्ये हीच कथा संपूर्ण राष्ट्राच्या बाबतीत घडली. १८६३ मध्ये गादीवर आलेल्या खेदीव इस्माईलने कापसाचे वाढीव उत्पन्न कायमचे मानले. त्याने लोहमार्ग, कालवे, राजवाडे बांधले आणि १८६९ मध्ये सुएझ कालव्याचे उद्घाटन थाटात केले. भाव उतरले, तरी कर्जे काढणे थांबले नाही. १८७५ मध्ये कालवा कंपनीतील इजिप्तचे १,७६,६०२ भाग ब्रिटिश सरकारला सुमारे चाळीस लाख पौंडांना विकावे लागले. १८७६ मध्ये कर्ज नऊ कोटी पौंडांच्या घरात पोहोचले, देणी थकली आणि महसुलावर युरोपीय धनकोंची देखरेख आली. १८८२ मध्ये ब्रिटिश सैन्य उतरले. कालवा देशाच्या ताब्यात परत आला तो १९५६ मध्ये, अध्यक्ष नासर यांनी त्याचे राष्ट्रीयीकरण केल्यावर.

नाशिकची द्राक्षे युरोपला जात ती प्रामुख्याने याच कालव्यातून. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा अनेक जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला. त्यामुळे प्रवासाचे दिवस आणि भाडे दोन्ही वाढले.

इजिप्तचे बहुसंख्य लोक मुस्लिम आहेत. कॉप्टिक ख्रिस्ती समाजही प्राचीन आहे. कॉप्टिक लोकांचे वर्षातील दोनशेहून अधिक दिवस उपवासाचे असून त्या काळात मांस, दूध आणि अंडी वर्ज्य असतात. काही उपवासांत मासे चालतात. भाकरीसाठी तेथील बोलीत ‘ऐश’ हा शब्द आहे, आणि त्याचा दुसरा अर्थ जीवन. तांदूळ, मसूर, मॅकरोनी आणि हरभऱ्याचे ‘कुशारी’ हे लोकप्रिय खाद्य आपल्या खिचडीचे नातलग असावे, असे अनेकांना वाटते. त्यावर तळलेला कांदा मात्र हमखास असतो.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये इजिप्तने आणि त्याच वर्षी ८ डिसेंबरला भारताने कांद्याची निर्यात थांबविली. भारतातील बंदी ४ मे २०२४ रोजी उठली. ग्राहकाला दिलासा मिळावा हा हेतू दोन्हीकडे होता. झळ मात्र शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला सोसावी लागली. मार्च २०२४ मध्ये कर्ज आणि परकीय चलनाच्या टंचाईने गांजलेल्या इजिप्तला आपले चलन मोकळे सोडावे लागले. एका डॉलरला सुमारे ३१ इजिप्शियन पौंड पडत, ते ५० च्या आसपास गेले.

भाव कोणाच्या हाती नसतो. इजिप्तमध्ये कापसाचा नव्हता, नामपुरात कांद्याचा नाही. कर्जाचा आकडा मात्र आपल्या हाताने लिहिला जातो. चांगल्या हंगामानंतर दुकान वाढवायचे असो वा चाळीतील मालाच्या भरवशावर उचल घ्यायची असो, सर्वांत वाईट वर्षाचे उत्पन्न धरून फेडीचा हप्ता ठरवावा. इस्माईलने तो सर्वांत चांगल्या वर्षाचे उत्पन्न धरून ठरविला होता.