पाटी नवी, पण कडी कुठाय?

बँकेच्या नावाने खोटी ईमेल आली की उपदेश कोणाला? ग्राहकाला! सतर्क रहा, लिंक उघडू नका, ओटीपी देऊ नका... अहो, नाव तुमचं वापरलं जातंय, मग दार लावायचं काम कोणाचं?

मंडळी, १९८२ साली ठरलेल्या एसएमटीपीत पाठवणाऱ्याची ओळख तपासायची सोयच नव्हती. वणीच्या टपालपेटीत टाकलेल्या पत्रावर कोणीही 'प्रेषक : रिझर्व्ह बँक' लिहिलं तर पोस्टमन काय करणार? उपाय पुढे निघाले. एसपीएफ म्हणजे डोमेनच्या डीएनएस नोंदीतली यादी : आमची मेल याच सर्व्हरवरून येईल. डीकिम म्हणजे मेलवरची डिजिटल सही. ती पडताळायची किल्लीही डीएनएसमध्येच. पण एसपीएफ बघतो पाकिटावरचा पत्ता, आणि आपल्या यवतमाळच्या दत्त चौकातला माणूस बघतो आतलं 'फ्रॉम'! त्या 'फ्रॉम'शी यादी किंवा सही जुळते का, हे डीमार्क तपासतो. नाही जुळली तर काय करायचं, तेही डोमेनचा मालकच नोंदीत लिहितो : नन, क्वारंटाइन किंवा रिजेक्ट.

खरी गोम इथेच आहे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल, दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांकडे डीमार्क मागतं. पण 'नन' लिहिलं तरी चालतं. म्हणजे चोर दिसला तरी वॉचमनने फक्त वहीत नोंद करायची!

रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना, अगदी सहकारी बँकांनासुद्धा, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'वर जायला सांगितलं. चांगलंच केलं. ते नाव फक्त बँकांनाच मिळतं, त्यामुळे एखादं अक्षर बदलून जुळं डोमेन काढणं अवघड झालं. पण हुबेहूब तेच नाव 'फ्रॉम'मध्ये टाकणाऱ्याला ही पाटी अडवत नाही. त्याला अडवतं 'रिजेक्ट'.

'कडक केलं तर आमचीच मेल अडकते,' हे ठरलेलं उत्तर. अरे, मग 'नन' त्यासाठीच तर आहे ना! थोडे दिवस रिपोर्ट वाचा, स्टेटमेंट पाठवणाऱ्या कंत्राटदाराचे सर्व्हर यादीत घाला, सही दुरुस्त करा आणि कडी लावा. वर्षानुवर्षं 'नन'वर बसणं म्हणजे सावधगिरी नव्हे, शुद्ध आळस.

तुम्हीच बघा. बँकेची मेल जीमेलमध्ये कॉम्प्युटरवर उघडा, तीन टिंबांतून 'शो ओरिजिनल' निवडा आणि डीमार्कच्या पुढे कंसात 'पी' काय आहे ते वाचा. 'नन' दिसलं तर शाखेत लेखी अर्ज द्या. सतर्क ग्राहक हवाय ना त्यांना? घ्या म्हणावं!