गादी सीटची, गादी मणक्याची

गाडीच्या सीटबद्दल आपल्याकडे एक ठाम समजूत आहे. गादी जितकी मऊ, तितका आराम जास्त! नवी गाडी दाराशी आली, नारळ फुटला, पेढे वाटून झाले, की पहिली फेरी कुशनवाल्याकडे. कंपनीच्या सीटवर दोन इंच फोम, त्यावर रेक्झिनचे कव्हर आणि त्यावर लाकडी मण्यांची जाळी. एमएच-१९ आणि एमएच-१८ या दोन्ही पाट्यांच्या अशा गाड्या मी रस्त्यावर पाहतो आणि त्यातल्या काहींच्या मालकांना नंतर दवाखान्यात पाहतो. माझे मत या समजुतीच्या उलट आहे. सीट मऊ की कडक हा दुय्यम प्रश्न आहे. ती बसणाऱ्याच्या अंगाला बसते की नाही, हे आधी पाहावे.

एका तरुणाचे उदाहरण देतो. जळगावच्या या हौशी तरुणाने आपल्या वेगवान गाडीतली कंपनीची सीट काढून शर्यतीच्या गाडीत असते तशी 'बकेट सीट' बसवून घेतली. कामानिमित्त आठवड्यातून दोन-तीनदा धुळ्याला जाणे-येणे. महिनाभरातच कंबर धरू लागली आणि पारोळ्याच्या पुढे गेले की क्लचच्या पायाला मुंग्या. वडील म्हणाले, ते खूळ काढून टाक. कुशनवाला म्हणाला, दोन इंच फोम वाढवू. यातले काय करू, असे विचारायला तो माझ्याकडे आला. मी म्हटले, दोन्ही नको. आधी गाडी दाखव.

बकेट सीट म्हणजे फायबरचे एकसंध टरफल. बऱ्याच सीटची पाठ मागेपुढे होत नाही. मांड्यांच्या आणि बरगड्यांच्या बाजूला उंच कडा असतात, म्हणजे वळणावर अंग घसरत नाही. गादी नावापुरती. तरीही शर्यतीचे चालक तीत तासन्‌तास बसतात, ते कसे? २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन याचे नाव वाचकांनी ऐकले असेल. त्या शर्यतीतल्या चालकांची सीट दुकानातून आणत नाहीत. चालकाला गाडीत पिशवीवर बसवतात, पिशवीत फुगणारे फोमचे रसायन ओततात आणि ते त्याच्या अंगाभोवती घट्ट होते. त्या साच्यावरून सीट बनते. शिंप्याने माप घेऊन कपडा शिवावा तशी. आमच्या तरुणाने आणलेली सीट मात्र तयार कपड्यासारखी होती, आणि तीही बसवणाऱ्याने सपाट पत्र्यावर बोल्ट आवळून बसवलेली.

त्याला सीटमध्ये बसवून मी शेजारी उभा राहिलो. मांड्यांच्या पुढच्या अर्ध्या भागाखालून माझा तळहात सहज आरपार गेला. म्हणजे मांड्यांना आधारच नाही, सगळा भार बुडाच्या दोन हाडांवर. अशा वेळी माणूस नकळत पुढे घसरतो आणि कमरेचा बाक उलटा होऊन पाठीला कुबड येते. कमरेमागे मुठीएवढी पोकळी होती. क्लच पूर्ण दाबताना गुडघा ताठ होत होता. आणि मागच्या खिशात पावत्या, कार्डे, किल्ल्या यांनी फुगलेले पाकीट! नरम सीटवर पाकीट फोममध्ये रुतून जाते. कडक सीटवर ते एका कुल्ल्याखाली ठेवलेल्या विटेसारखे होते आणि तिथूनच जाणाऱ्या सायटिक नसेवर दाब देते.

उपाय फार खर्चाचे नव्हते. चांगल्या मेकॅनिककडून सीटच्या पुढच्या दोन बोल्टखाली पोलादी तुकडे घालून पुढची बाजू थोडी उचलली, बोल्टही त्या मापाचे लांब घेतले. त्यामुळे मांड्या टेकल्या आणि पाठही आपोआप थोडी मागे कलली. पाठ आणि मांडी यांच्यातला कोन काटकोनापेक्षा थोडा मोठा, साधारण १०० ते ११० अंश, असला की कमरेला सोपे जाते. पोकळीत कडक फोमची, बोटभर जाडीची उशी पट्ट्याच्या उंचीवर लावली. (बहुतेक जण ती बरगड्यांशी लावतात, तिथे ती उपद्रव करते.) सीट दोन खाचा पुढे घेतली, पाकीट पुढच्या खिशात गेले. सीटच्या कडा मांड्यांना आवळत नव्हत्या हे नशीब. कडाच अरुंद असत्या तर इलाज नव्हता; सीट परत करा, एवढेच मी सांगितले असते. मग एरंडोलपर्यंत जाऊन ये, थांब, कुठे दाबते ते सांग, असे तीन वेळा केले. मुंग्या आधी गेल्या. कंबरेला थोडे दिवस लागले.

असे का होते? दोन मणक्यांमध्ये एक चकती असते, तिला आपण मराठीत नेमके 'गादी' म्हणतो. १९६० च्या दशकात स्वीडनचे अस्थितज्ज्ञ नाकेमसन यांनी जिवंत माणसाच्या कमरेतल्या या गादीत सुई घालून आतला दाब मोजला. उभे असताना असतो त्यापेक्षा आधाराविना बसताना तो जास्त भरला. पुढे त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारीच्या सीटवरही मोजमाप केले. पाठ मागे कलली आणि कमरेला आधार मिळाला, की दाब उतरतो.

दुसरे कारण हादऱ्यांचे. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला ४ ते ६ वेळा होणाऱ्या वरखाली हादऱ्यांना सर्वात जास्त थरथरतो. जाड, मऊ फोमही साधारण याच तालात डोलतो. म्हणजे हादरा कमी होण्याऐवजी वाढून कण्यापर्यंत पोचतो. मऊ गादीवर पहिले १० मिनिटे छान वाटते. दुकानात बसून पाहताना आपण तेवढाच वेळ बसतो, ही खरी गोम आहे.

सीट बदलण्याआधी किंवा तिच्यावर थर चढवण्याआधी आणखी एक गोष्ट पाहा. काही गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या कडेतच असते. साध्या जाड कव्हराने ती उघडायला अडथळा येतो, आणि सीट काढली तर ती जातेच. पट्ट्याची कडीही बऱ्याचदा सीटलाच जोडलेली असते. शिवाय उंच कुशनमुळे कमरेचा पट्टा हाडावरून सरकून पोटावर येतो. अपघातात तोच पट्टा आतडी फाडतो. कंपनीच्या माणसाला, आरटीओला आणि विमा कंपनीला विचारल्याशिवाय सीटला हात लावू नये.

वाचक म्हणतील, शर्यतीच्या सीटचे आम्हाला काय? तर खानदेशातून सुरत-नागपूर महामार्ग जातो, मुंबई-आग्रा रस्ता जातो. केळीचे ट्रक, कापसाचे ट्रॅक्टर, काळीपिवळी यांच्यावर हजारो घरे चालतात. हौशी तरुण निदान आपली सीट आपण निवडतो. पगारी ड्रायव्हरच्या वाट्याला मालकाने निवडलेली सीट येते. उंच ड्रायव्हरच्या जागी बुटका आला तरी सीट तीच. "डॉक्टर, कंबर दुखस" असे सांगत येणाऱ्या या माणसांना मी गोळ्या लिहून देतो, पण परत जाऊन त्याच सीटवर बसणार असेल तर गोळी किती दिवस पुरणार? ट्रकच्या टपावर दिव्यांच्या माळा आणि केबिनमध्ये मोठे स्पीकर लावायला पैसे असतात. ड्रायव्हरच्या मापाची कमरेची उशी त्यापुढे काहीच नाही. मालक लोकांनी हे मनावर घ्यावे, हे मी आग्रहाने लिहितो. तोवर ड्रायव्हर बंधूंनी टॉवेलची गुंडाळी कमरेच्या पोकळीत ठेवावी. फुकटचा इलाज आहे.

माकडहाडाजवळ वारंवार होणाऱ्या गळवाबद्दलही यात सांगतो. तिथे केस आत शिरून नासूर होतो. दुसऱ्या महायुद्धात जीपमधून हादरे खात फिरणाऱ्या अमेरिकन सैनिकांत हा रोग इतका दिसला, की १९४४ साली डॉक्टरांनी त्याला 'जीप रोग' असे नाव दिले. ७५ हजारांहून अधिक सैनिक त्यासाठी रुग्णालयात दाखल झाले होते. आपल्याकडे लाजेने लोक मलम लावत बसतात. मलमाने तो जात नाही, सर्जनला दाखवावे लागते. वैशाख-ज्येष्ठात भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा रेक्झिनवर बसून घामाने हे सगळे अधिकच चिघळते. रेक्झिनवर सुती कापड घाला. मण्यांच्या जाळीने वारा खेळतो हे खरे, पण तिचा फायदा तेवढाच. प्लॅस्टिकची चटई मात्र सीटवर घालू नका, अंग घसरते.

आणि सीट कितीही मापाची असली तरी दीड-दोन तासांनी उतरायचेच. चहासाठी उतरता, तेव्हा चार पावले चालून पोटऱ्या मोकळ्या करा, पाणी प्या.

दुखणे कमरेपुरते असेल तर हे बदल करून दोन-तीन आठवडे वाट पाहायला हरकत नाही. कळ गुडघ्याच्या खाली उतरत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. पायातली शक्ती कमी होऊन चप्पल निसटू लागली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर सीट, उशी, मालिश सगळे बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. आणि गाडी दुसऱ्याने चालवावी.