नंदादेवी: शिखर बंद, प्रश्न कायम

उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातील ७ हजार ८१६ मीटर उंचीचे नंदादेवी हे संपूर्णपणे भारतीय भूमीत असलेले सर्वोच्च शिखर होय. मोजक्या मोहिमांचा अपवाद वगळता, राष्ट्रीय उद्यानातून या शिखराकडे जाणारी वाट चार दशकांपासून बंद आहे. ती पुन्हा खुली करावी, अशी मागणी अधूनमधून पुढे येते. तिचा विचार करताना बंदीने काय साधले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे दोन्ही पाहावे लागेल.

ऋषिगंगेच्या अरुंद घळीतून एरिक शिप्टन आणि बिल टिलमन १९३४ मध्ये शिखराच्या पायथ्याच्या खोऱ्यात पोहोचले. १९३६ मध्ये टिलमन आणि नोएल ओडेल यांनी शिखर सर केले. १९७४ मध्ये परदेशी पथकांना प्रवेश मिळाल्यानंतर मोहिमांची रीघ लागली. कचरा साचला, सरपणासाठी झुडपे तोडली गेली, कस्तुरीमृगांची शिकार झाली. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झाले आणि पाठोपाठ गिर्यारोहण तसेच चराई थांबविण्यात आली. १९८८ मध्ये युनेस्कोने उद्यानाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

बंदीचा लाभ निसर्गाला झाला. १९९३ मध्ये लष्कराच्या पथकाने साचलेला कचरा खाली आणला. त्या वर्षीच्या आणि २००३ च्या पाहणीत तेथील वनस्पती व प्राणिजीवन सावरत असल्याचे आढळले.

मात्र लाता, रेणी या गावांतील भोटिया कुटुंबांची कुरणे गेली. मोहिमांबरोबर वाटाडे व हमाल म्हणून मिळणारा रोजगारही बुडाला. १९७४ मध्ये गौरादेवींच्या नेतृत्वाखाली महिलांनी ज्या रेणीचे जंगल वाचविले, त्याच गावावर ही वेळ यावी, हा विरोधाभास दुर्लक्षिण्याजोगा नाही. २००३ मध्ये काही भाग मर्यादित पर्यटनासाठी खुला झाला, परंतु त्याने जुनी उणीव भरून निघाली नाही.

७ फेब्रुवारी २०२१ रोजी रोंटी शिखराचा कडा कोसळून ऋषिगंगेला आलेल्या पुरात दोनशेहून अधिक व्यक्ती मृत अथवा बेपत्ता झाल्या. या प्रदेशाची नाजूकता त्यातून पुन्हा स्पष्ट झाली.

त्यामुळे शिखर खुले करायचेच झाल्यास पथकांची संख्या मर्यादित असणे, कचरा परत आणणे बंधनकारक असणे आणि रोजगारावर पहिला हक्क स्थानिक गावांचा असणे, या किमान अटी ठराव्यात. बंदीचा भार ज्यांनी वाहिला, त्यांना वगळून घेतलेला निर्णय न्याय्य ठरणार नाही.