नऊ एक्के आणि एक हातचा

अंकलिपी / शिरोडकर मास्तर

"आजोबा, ह्यो आकडो हयसर मावना नाय," म्हणत नातवाने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. आकडा मीच दिला होता: १२३४५६७८९८७६५४३२१. स्प्रेडशीटने तो गिळला आणि ओकला तो १२३४५६७८९८७६५४३००. पंधरा अंकांपुढचं ती ठेवत नाही, शून्यं भरते. हा आकडा सतरा अंकी, आणि त्याची गंमत शेपटापर्यंत जाते. म्हटलं, "मगे पाटी हाड."

नऊ एक्के ओळीने लिहा आणि त्या संख्येला तिनेच गुणा. एकाने गुणायचं म्हणजे तीच ओळ पुन्हा, दर वेळी एक घर डावीकडे. नऊ ओळी झाल्या की उभी बेरीज. उजव्या टोकाला एक, पुढे दोन, मग तीन. मधल्या घरात नऊ, तिथून पुन्हा उतार. कुठेच हातचा येत नाही, म्हणून आकडा दोन्हीकडून सारखाच वाचता येतो. दहावा एक्का लावा: मधल्या घरात दहा होतात, हातचा पुढे सरकतो, शेजारच्या नऊलाही दहा करतो आणि उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. चढावरचा आठ गायब! नातवाने बेरीज दोनदा तपासली. आठ काही सापडला नाही.

या कुळाला 'डेमलो संख्या' हे नाव दिलं द. रा. कापरेकरांनी. जीआयपी रेल्वेच्या ज्या स्टेशनावर कल्पना सुचली त्याचं, म्हणजे आजच्या डोंबिवलीचं, ते नाव. जन्म १९०५, डहाणू. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. ६१७४ मुळे ते जगभर पोचले, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी 'हर्षद' म्हटलं, आनंद देणाऱ्या. आपल्या आकड्यातल्या अंकांची बेरीज ८१. भागून पाहा: १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. हा भागाकार १२३४५६७९ चा वर्ग आहे. त्या १२३४५६७९ मध्येही आठ नाहीच!

'लीलावती'त भास्कराचार्य घरांची नावं सांगतात, त्यात पंधरावं घर जलधी. म्हणजे आपल्या सतरा अंकी आकड्यात तीन समुद्र. आम्हा शिरोडेकरांना एकच, वेळागरचा.

मोठी आकडेमोड यंत्रावर सोपवावी, असं पालकच मला सांगतात. मला पटत नाही. रोजचा हिशेब खुशाल सोपवा. पण हातचा कुठे शिरला आणि त्याने काय मोडलं, हे पाटीवर जसं दिसतं तसं पडद्यावर दिसत नाही. तिथे नुसतं उत्तर येतं, तेही कधी अपुरं.

अकरा एक्क्यांच्या वर्गाचं उत्तर पोस्टकार्डाने कळवा. सगळ्या ओळी हव्यात, खाडाखोड चालेल.