डुलकीचा दोष एकट्या चालकाचा नाही



‘ट्रकचालकांना शिस्त लावा’ हे गेल्या आठवड्यातील पत्र वाचले. चालक बेफिकीर असतो म्हणून त्याला डुलकी लागते, हे त्यातले म्हणणे मला अजिबात मान्य नाही. माझा धाकटा भाऊ ट्रकने सुरतहून कापडाच्या गाठी घेऊन भिवंडीला जातो. दुपारपासून पार्सले गोळा होतात. गाडी भरेपर्यंत तो गोदामापाशी ताटकळतो आणि रात्री स्टिअरिंगवर बसतो तेव्हाच थकलेला असतो. ताटकळण्याचे ते तास मालकाच्या हिशेबात येतच नाहीत.

कायदा नव्हता असे नाही. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला जास्तीत जास्त 8 तास व आठवड्याला 48 तास काम आणि सलग 5 तासांनंतर अर्धा तास विश्रांती ठरवली होती. लांब पल्ल्यासाठी थोडी सवलत होती, एवढेच. पण तास मोजणार कोण?

युरोपीय संघात साडेचार तास गाडी चालवली की 45 मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. टॅकोग्राफ हे यंत्र त्याची नोंद गाडीतच ठेवते आणि नियम मोडला तर वाहतूक कंपनीलाही जाब द्यावा लागतो. आमच्याकडे उशीर झाला की चालकाचेच पैसे कापतात.

2025 मध्ये नव्या मध्यम व अवजड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, याचा आनंद आहे. आता माल भरण्याचे तासही ड्युटीत धरा आणि उशिराची कपात बंद करा.

– एक वाचक, लिंबायत, सुरत