पीकविम्यापासून जिल्ह्याच्या नावापर्यंत निकाल देणारे न्यायमूर्ती नेमके निवडतं कोण?

२०२० चा खरीप. धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये, काढणीला आलेलं सोयाबीन पावसात गेलं. शेतकऱ्यांनी विम्याचा हप्ता भरलेला होता. पण नुकसानीची माहिती ७२ तासांच्या आत कळवली नाही, असं कारण पुढं करून लाखो शेतकऱ्यांना भरपाई नाकारण्यात आली. शेतात गुडघाभर पाणी, मोबाईलला रेंज नाही आणि म्हणे ७२ तासांत कळवा. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेलं. मे २०२२ मध्ये खंडपीठानं विमा कंपनीला भरपाई देण्याचा आदेश दिला. जिल्ह्यातल्या साडेतीन लाखांहून जास्त शेतकऱ्यांचा हा प्रश्न होता.

दोन वर्षांनी, ८ मे २०२४ ला, आणखी एक निकाल आला. उस्मानाबादचं धाराशिव आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर करण्याचा राज्य सरकारचा निर्णय योग्य की अयोग्य, यावरचा. तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय आणि न्यायमूर्ती आरिफ डॉक्टर यांनी नामांतराविरोधातल्या याचिका फेटाळल्या.

जिल्ह्याच्या खात्यात किती पैसे येणार इथपासून जिल्ह्याला काय म्हणायचं इथपर्यंत, सगळं उच्च न्यायालयात ठरलं. मग हे न्यायमूर्ती त्या खुर्चीत येतात कसे? आमदार आपण निवडतो. कलेक्टर यूपीएससीतून किंवा बढतीनं येतात आणि सरकार त्यांची बदली करतं. न्यायमूर्तींचं काय?

हा प्रश्न महाराष्ट्रात एरवी कुणी फारसा विचारत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मात्र सगळ्यांच्या टाइमलाइनवर तो होता.

आरती साठे प्रकरण काय होतं?

२८ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमनं मुंबई उच्च न्यायालयासाठी तीन वकिलांची शिफारस केली. अजित कडेठाणकर, सुशील घोडेस्वार आणि आरती साठे. त्यानंतर राष्ट्रवादी शरद पवार गटाचे आमदार रोहित पवार यांनी एक्सवर एक स्क्रीनशॉट टाकला. त्यात आरती साठे यांची भाजपच्या प्रदेश प्रवक्तेपदी नेमणूक झाल्याची माहिती होती. साठे यांच्या पात्रतेवर आक्षेप नाही, पण सत्ताधारी पक्षाची बाजू मांडणारी व्यक्ती थेट न्यायमूर्ती होणार असेल तर सामान्य माणसानं निःपक्षपातीपणाची खात्री कशी बाळगायची, असा त्यांचा मुद्दा होता.

भाजपचं उत्तर होतं की साठे यांनी जानेवारी २०२४ मध्येच पक्षाचा राजीनामा दिलेला आहे आणि आता त्यांचा पक्षाशी संबंध नाही. प्रवक्तेपदावर त्या २०२३ मध्ये आल्या होत्या. म्हणजे पक्ष सोडणं आणि शिफारस होणं यात साधारण दीड वर्षाचं अंतर.

दीड वर्ष पुरेसं आहे का? कायद्यात याचं उत्तरच नाही. राज्यघटनेचं कलम २१७ सांगतं की उच्च न्यायालयाचा न्यायाधीश भारताचा नागरिक हवा आणि त्यानं दहा वर्षं उच्च न्यायालयात वकिली केलेली हवी किंवा दहा वर्षं न्यायिक पद सांभाळलेलं हवं. राजकीय पक्षात होता का, कधी सोडला, सोडून किती काळ गेला, यावर घटना गप्प आहे.

पक्षातून आलेले न्यायमूर्ती आपल्याकडं आधीही झालेत. व्ही. आर. कृष्ण अय्यर केरळमध्ये १९५७ च्या डाव्या सरकारात मंत्री होते. पुढं ते सर्वोच्च न्यायालयात आले आणि गरिबांच्या बाजूनं उभे राहणारे न्यायमूर्ती म्हणून आजही त्यांचं नाव घेतलं जातं. दुसरीकडं बहरुल इस्लाम. काँग्रेसचे राज्यसभा खासदार, मग गुवाहाटी उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, मग सर्वोच्च न्यायालय, आणि १९८३ मध्ये तिथून राजीनामा देऊन पुन्हा काँग्रेसचे खासदार. दोघांची वाट सारखीच सुरू झाली, पण एकाच्या बाबतीत ती न्यायालयात संपली आणि दुसऱ्याच्या बाबतीत फिरून पक्षातच आली. त्यामुळं 'राजकारणातला माणूस नकोच' हा नियम जितका भाबडा, तितकंच 'राजीनामा दिला, विषय संपला' हे उत्तरही.

साठे यांची नेमणूक ऑगस्टमध्येच झाली.

मग सोमशेखर सुंदरेसन यांना २१ महिने का लागले?

खरी गोम इथं आहे. सोमशेखर सुंदरेसन हेही मुंबईचेच वकील. १६ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमनं त्यांचं नाव मुंबई उच्च न्यायालयासाठी सुचवलं. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२२ मध्ये ते फेरविचारासाठी परत पाठवलं. कारण? न्यायालयात प्रलंबित असलेल्या विषयांवर त्यांनी सोशल मीडियावर मतं मांडली होती. १८ जानेवारी २०२३ ला कॉलेजियमनं तेच नाव पुन्हा पाठवलं आणि लेखी सांगितलं की, मत व्यक्त केलं म्हणून कुणी घटनात्मक पदासाठी अपात्र ठरत नाही. सरकारी धोरणांवर टीका केली म्हणजे कुठल्या पक्षाशी बांधिलकी आहे असं होत नाही. तरीही नेमणूक झाली ती थेट नोव्हेंबर २०२३ मध्ये.

एका वकिलानं पोस्ट टाकल्या, तर फाईल २१ महिने फिरली. एका वकिलानं सत्ताधारी पक्षाचं प्रवक्तेपद सांभाळलं, तर शिफारशीनंतर महिन्याभरात नेमणूक. साठे चांगल्या न्यायमूर्ती ठरतील की नाही, हा वेगळा विषय आहे आणि त्याचं उत्तर त्यांचे निकालच देतील. पण एकाच उच्च न्यायालयासाठी सरकारची घाई आणि दिरंगाई इतकी वेगवेगळी का, याचं उत्तर सरकारनं द्यायला हवं. ते मागण्याची सोय मात्र कुठल्या नियमात नाही.

नाव पुढं सरकतं कसं?

सुरुवात उच्च न्यायालयातूनच होते. मुख्य न्यायमूर्ती आणि दोन सर्वांत ज्येष्ठ न्यायमूर्ती मिळून नावं ठरवतात. ती मुख्यमंत्री आणि राज्यपालांकडं जातात. त्यांनी सहा आठवड्यांत मत कळवायचं, नाही कळवलं तर हरकत नाही असं समजता येतं. तिथून फाईल केंद्रीय कायदा मंत्रालयात. गुप्तचर विभाग, म्हणजे आयबी, उमेदवाराची माहिती काढतो. मग सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्तींचं कॉलेजियम निर्णय घेतं. सरकारला पटलं नाही तर फाईल परत येऊ शकते. पण कॉलेजियमनं तेच नाव दुसऱ्यांदा पाठवलं तर सरकारला ते बंधनकारक आहे. फक्त किती दिवसांत नेमायचं, याची मुदत पाळायला भाग पाडेल असं काही नाही. बसून राहायला जागा मिळते ती इथं.

हे 'कॉलेजियम' मूळ घटनेत शोधून सापडणार नाही. ते १९९३ आणि १९९८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतून तयार झालं. न्यायमूर्तींनी न्यायमूर्ती निवडण्याची ही पद्धत बदलायला संसदेनं ९९ वी घटनादुरुस्ती करून राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग आणला. त्यात कायदा मंत्री आणि दोन नामवंत व्यक्तीही असणार होत्या. १६ ऑक्टोबर २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक अशा बहुमतानं तो रद्द केला.

सरकारच्या हातात दिलं तर काय बिघडतं?

याचं उदाहरण धाराशिवच्या शेजारीच आहे. सोलापूरचे उमेश रंगनाथ लळित मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात अतिरिक्त न्यायाधीश होते. आणीबाणीचा काळ. त्यांनी सरकारविरोधी आंदोलनातल्या तरुणांना जामीन दिला. मुदत संपल्यावर त्यांना कायम केलं गेलं नाही. तेव्हा नेमणुकीत शेवटचा शब्द दिल्लीतल्या सरकारचा होता. लळित पुन्हा वकिली करू लागले. त्यांचे चिरंजीव उदय लळित २०२२ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले, तेव्हा ही गोष्ट पुन्हा निघाली.

त्याच काळात सर्वोच्च न्यायालयातही तेच चाललं होतं. १९७३ मध्ये तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून ए. एन. रे यांना सरन्यायाधीश केलं गेलं. १९७७ मध्ये आणीबाणीच्या खटल्यात एकटे विरोधात उभे राहिलेले एच. आर. खन्ना डावलले गेले. कॉलेजियम जन्माला आलं ते या भीतीतून. त्यामुळं आज कॉलेजियमला नावं ठेवताना, त्याआधी काय होतं हे विसरून चालत नाही.

आणि नावं ठेवण्यासारखं बरंच आहे. बंद खोलीत निवड होते. घराणी चालतात अशी तक्रार जुनी आहे. मार्च २०२५ मध्ये दिल्लीतल्या न्यायमूर्ती यशवंत वर्मा यांच्या बंगल्यातल्या जळालेल्या नोटांच्या प्रकरणानंतर न्यायालयावर दबाव आला. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं कॉलेजियमच्या शिफारशींची माहिती वेबसाइटवर टाकली, कोण कुठल्या न्यायमूर्तींचा नातेवाईक आहे हेसुद्धा. एवढं तरी झालं. त्याच वर्षी संसदेत सरकारनं दिलेला आकडा आणखी बोलका आहे. २०१८ पासून उच्च न्यायालयांत नेमलेल्या ७१५ न्यायाधीशांपैकी अनुसूचित जातीचे २२, अनुसूचित जमातीचे १६, ओबीसी ८९ आणि अल्पसंख्याक ३७.

धाराशिवचा वकील न्यायमूर्ती होऊ शकतो का?

कागदावर, नक्कीच. पण वाट पाहा. वकिलांमधून न्यायमूर्ती नेमताना उच्च न्यायालयातले न्यायमूर्ती आपल्यासमोर रोज युक्तिवाद करणाऱ्यांनाच ओळखतात. धाराशिवच्या जिल्हा न्यायालयात कितीही उत्तम उलटतपासणी घेतली, तरी ती त्यांच्या कानावर जाण्याची शक्यता कमी. म्हणून खंडपीठ कुठं आहे, याला महत्त्व येतं.

१९५६ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद राज्यात होता. राज्य पुनर्रचनेनंतर मराठवाड्यातल्या माणसाला उच्च न्यायालयाचं काम असलं की मुंबई गाठावी लागायची. ऑगस्ट १९८१ मध्ये औरंगाबादला खंडपीठ सुरू झालं. त्यालाही आव्हान मिळालं आणि १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते टिकवलं. त्यानंतरच मराठवाड्यातल्या वकिलांची एक फळी उच्च न्यायालयाच्या नजरेत आली. बीडचे नरेंद्र चपळगावकर याच फळीतून १९९० मध्ये न्यायमूर्ती झाले. साहित्यवाल्यांना ते २०२३ च्या वर्धा संमेलनाचे अध्यक्ष म्हणून आठवतील.

आता १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरलाही सर्किट बेंच आहे. शेजारचं सोलापूर त्यात गेलं, धाराशिव मात्र संभाजीनगरकडंच राहिलं. तुळजापूरच्या पक्षकाराला सोलापूर पाऊण तासावर असलं तरी उच्च न्यायालयासाठी उलट दिशेनं बीड ओलांडून जावं लागतं.

दुसरी वाट जिल्हा न्यायालयातून वर चढत जाण्याची. एमपीएससीची परीक्षा देऊन दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, मग बढती, मग जिल्हा न्यायाधीश आणि त्यातले मोजके उच्च न्यायालयात. साधारण एक तृतीयांश न्यायमूर्ती असे येतात. ही वाट लांब आहे आणि वयाच्या ६२ व्या वर्षी उच्च न्यायालयातून निवृत्ती असल्यानं अनेकांना वर पोहोचल्यावर चार-पाच वर्षंच मिळतात. ९ ऑक्टोबर २०२५ ला घटनापीठानं एक दार किलकिलं केलं. वकिली आणि न्यायिक सेवा मिळून सात वर्षांचा अनुभव असेल, तर सेवेतले न्यायाधीशही आता जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीला बसू शकतात. आधी ही भरती फक्त वकिलांसाठी होती. तरुण वयात जिल्हा न्यायाधीश होणाऱ्याला उच्च न्यायालय गाठायला वेळ उरतो, त्यामुळं छोट्या गावांतून परीक्षा देणाऱ्या पोरापोरींसाठी हा निकाल साठे प्रकरणापेक्षा मोठा ठरू शकतो. ट्रेंड मात्र तो झाला नाही.

नेमणूक झाली म्हणजे काम संपलं?

नाही. बहुतेक जण आधी अतिरिक्त न्यायाधीश म्हणून येतात, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. मग कायम करायचं की नाही, यावर कॉलेजियम पुन्हा बसतं. पुष्पा गनेडीवाला यांच्या बाबतीत काय झालं ते महाराष्ट्रानं पाहिलंय. जिल्हा न्यायाधीश म्हणून आलेल्या गनेडीवाला २०१९ मध्ये उच्च न्यायालयात गेल्या. जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठात त्यांनी पोक्सोच्या खटल्यात 'त्वचेचा त्वचेला स्पर्श' नाही म्हणून लैंगिक अत्याचार नाही, असा निकाल दिला. देशभर संताप उसळला. कॉलेजियमनं त्यांना कायम करण्याची शिफारस मागं घेतली, एक वर्ष मुदत वाढली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. तो निकाल सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२१ मध्येच रद्द केला होता. गनेडीवालांचा निकाल चुकीचा होताच. पण लळितांनाही अतिरिक्त न्यायाधीश असतानाच घरी जावं लागलं होतं, आणि त्यांचा आदेश चुकीचा नव्हता.

ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तिघांची दोन वर्षं २०२७ च्या ऑगस्टमध्ये पूर्ण होतात.